सीसीटीव्हीसाठी फायबर: पॅकहाउसच्या ऑफिसपासून शेवटच्या पोलपर्यंत

दिंडोरी-निफाड पट्ट्यात पॅकहाउसवर कॅमेरे बसवायला गेलं की अंतराचा प्रश्न हमखास येतो. ऑफिस एका टोकाला, मुख्य गेट दुसऱ्या टोकाला, विहीर आणि शेततळं तिसरीकडेच. सातपूर-अंबडचे कारखाने असोत की सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतली गोदामं, गणित तेच. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. ती ओलांडून कुणी दीडशे मीटर केबल ओढतं, दिवसा चित्र दिसतं आणि रात्री कॅमेरे गळायला लागतात. कुणी मधे मधे स्विच टाकत साखळी करतं. मग प्रत्येक स्विचला वीज लागते, बॉक्स लागतो, आणि वळवाच्या पावसात कडाडलं की तांब्याच्या तारेवरून सर्ज, म्हणजे विजेचा झटका, थेट एनव्हीआरपर्यंत, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्रापर्यंत येतो.

अशा जागी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, हाच खरा उपाय आहे, आणि आता तो खर्चाच्या आवाक्यातही आला आहे. हा लेख लहान इन्स्टॉलरसाठी आहे, तसाच स्वतः पैसे घालून काम करून घेणाऱ्या मालकासाठीही. माझं एक ठाम मत आधीच सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत ते येणार आहे. जेसीबीचा घाव सोडला तर फायबरची लाइन मधे क्वचितच बिघडते. ती बिघडते दोन्ही टोकांना: पोलवरच्या बॉक्समध्ये, वीजपुरवठ्यात, कनेक्टरवरच्या धुळीत. म्हणून वेळ आणि पैसा टोकांवर घाला.

पहिली पायरी: जागा चालून मोजा

मोबाइलवरच्या नकाशात अंतर सरळ रेषेत मिळतं. केबल मात्र बांधाने वळते, ओहोळ चुकवते, पोलवर चढते. म्हणून मार्ग प्रत्यक्ष चाला. प्रत्येक पोलपाशी आठ-दहा मीटरचा लूप धरा. पुढे कधी बॉक्स हलवावा लागला किंवा नव्याने सांधा मारावा लागला, तर हाच लूप कामाला येतो.

पुढच्या हिशेबासाठी एक उदाहरण धरू. समजा दोन-तीन तुकड्यांत विभागलेली बाग आणि पॅकहाउस आहे. ऑफिसपासून गेट ३५० मीटर, कोल्ड स्टोरेजची मागची बाजू ६०० मीटर, विहीर-शेततळं १.१ किलोमीटर आणि रस्त्याच्या वळणावरचा शेवटचा पोल १.८ किलोमीटर. चार पोल, चौदा कॅमेरे. त्यातले बारा स्थिर आणि दोन पीटीझेड, म्हणजे फिरणारे, वाकणारे आणि झूम करणारे. एक पीटीझेड गेटवर, एक शेवटच्या पोलवर.

वाटेत सार्वजनिक रस्ता लागत असेल तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी आधी घ्या. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरण, यांपैकी कुणीही असू शकतं. महावितरणच्या खांबांवर परवानगीशिवाय केबल टांगू नका. ते धोकादायक आहे, आणि खांब बदलताना तुमची केबल कुणी सांभाळणार नाही.

दुसरी पायरी: चित्र आणि कंट्रोल कसे धावतात ते समजून घ्या

इथे थोडं थांबू या, कारण पीटीझेडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. चित्र कॅमेऱ्याकडून ऑफिसकडे येतं. जॉयस्टिकचा हुकूम ऑफिसकडून कॅमेऱ्याकडे जातो. म्हणजे वाहतूक दोन्ही दिशांना आहे, आणि फायबरवर ती दोन प्रकारे होते. एक तर दोन कोअर, म्हणजे केबलमधले दोन काचेचे तंतू, वापरायचे, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. नाहीतर एकाच कोअरवर दोन वेगळ्या तरंगलांबी चालवायच्या: एका टोकाचं यंत्र १३१० नॅनोमीटरवर पाठवतं आणि १५५० वर ऐकतं, दुसऱ्या टोकाचं बरोबर उलट. बाजारात सिंगल फायबर मीडिया कन्व्हर्टरची (लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश पुन्हा सिग्नलमध्ये बदलणाऱ्या डब्याची) ए आणि बी अशी जोडी मिळते ती हीच. दोन्ही बाजूंना ए लावला तर लिंक येणार नाही. खोके उघडताना जोड्यांवर मार्करने पोलचा नंबर टाका, म्हणजे साइटवर गोंधळ होत नाही.

आयपी कॅमेरा असेल तर कंट्रोलची वेगळी चिंता नाही. पॅन, टिल्ट, झूमचे हुकूम त्याच इथरनेटमधून जातात, बहुधा ऑनव्हिफ या सामाईक किंवा त्या कंपनीच्या स्वतःच्या प्रोटोकॉलने. फक्त कॅमेरा आणि एनव्हीआर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर खरेदीआधी टेबलावर जोडून पीटीझेड खरंच फिरतो का ते पाहा. चित्र दिसलं म्हणजे कंट्रोल चालेल असं नाही. प्रीसेट, ऑटो ट्रॅकिंग अशा गोष्टी कितीदा तरी कंपनीच्या स्वतःच्या प्रोटोकॉलवरच नीट चालतात.

जुन्या कारखान्यांत अजून अॅनालॉग पीटीझेड आहेत, आणि ते चांगले चालत असतील तर काढून टाकण्याची घाई नको. तिथे व्हिडिओ ऑप्टिकल कन्व्हर्टर लागतो. कॅमेऱ्याकडे ट्रान्समीटर, ऑफिसकडे रिसीव्हर, दोन्हीला चित्रासाठी बीएनसी. खरेदी करताना नुसतं 'व्हिडिओ कन्व्हर्टर' मागू नका, 'एक व्हिडिओ, एक रिव्हर्स डेटा' असं मागा. स्वस्त मॉडेलमध्ये डेटाचं टर्मिनलच नसतं. मग चित्र फायबरवरून येतं आणि कंट्रोलसाठी पुन्हा तांब्याची तार ओढावी लागते. कंट्रोलची ही आरएस-४८५ प्रकारची तार साधारण १२०० मीटरपर्यंत चालते हे खरं, पण १.८ किलोमीटरला ती पुरत नाही, आणि सर्जचा धोका तीच पुन्हा घेऊन येते.

आरएस-४८५ मध्ये ए आणि बी अशा दोन तारा असतात. त्या उलट झाल्या की कॅमेरा हलत नाही. कॅमेऱ्याचा पत्ता डिप स्विचवर वेगळा आणि कीबोर्डवर वेगळा असेल तरी हलत नाही. बॉडरेट, म्हणजे संदेशाचा वेग, २४००, ४८०० किंवा ९६००, दोन्हीकडे एकच हवा. शेवटच्या टोकाला १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर हवा.

या तारांवरून चालणाऱ्या पेल्को-डी प्रोटोकॉलचा प्रत्येक हुकूम सात बाइटचा असतो. पत्ता १ असलेल्या कॅमेऱ्याला उजवीकडे वळवायचं तर 'एफएफ ०१ ०० ०२ २० ०० २३' असा संदेश जातो. पहिला बाइट ठरलेला, दुसरा पत्ता, मग दोन बाइट हुकमाचे, दोन वेगाचे आणि शेवटी बेरजेचा पडताळा. जॉयस्टिक सोडली की 'थांब' असा वेगळा संदेश जातो. म्हणून कॅमेरा एकदा फिरायला लागला आणि थांबतच नाही, असं दिसलं तर मोटर बिघडली असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा तो 'थांब'चा संदेश वाटेत हरवलेला असतो. टर्मिनेशन तपासा, सैल स्क्रू तपासा. कन्व्हर्टरवर डेटाचा दिवा असतो. जॉयस्टिक हलवताना ऑफिसकडचा आणि पोलवरचा, दोन्ही दिवे लुकलुकले म्हणजे फायबरपर्यंतचं काम चोख आहे आणि दोष पुढच्या दोन तारांत आहे. एक माणूस खाली, एक वर, फोनवर बोलत दोन मिनिटांत हे कळतं.

आयपी पीटीझेडची आणखी एक तक्रार असते: 'जॉयस्टिक सोडली तरी कॅमेरा पुढे निघून जातो.' त्याचं खापर फायबरवर फोडतात. फायबरमध्ये उशीर किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद, म्हणजे १.८ किलोमीटरला ९ मायक्रोसेकंद. डोळ्याला तो कळणं शक्य नाही. उशीर होतो कॅमेऱ्यात चित्र दाबून लहान करताना आणि ऑफिसच्या स्क्रीनवर ते बफरमध्ये साठवताना. कॅमेरा पुढे गेलेला असतो, चित्र मागून येतं, आणि ऑपरेटर उशिरा हात सोडतो. थेट पाहण्यासाठी सब-स्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचं हलकं चित्र, लावा, सॉफ्टवेअरमध्ये कमी विलंबाचा पर्याय असेल तर तो निवडा, फरक लगेच जाणवतो.

तिसरी पायरी: रचना आणि केबल

चार पोलना जोडण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे साखळी: ऑफिसमधून पहिला पोल, तिथल्या स्विचमधून दुसरा, तिथून तिसरा. मी तो सुचवत नाही. पहिल्या पोलवरची लाइट गेली की मागचे तिन्ही पोल आंधळे होतात. आपल्याकडे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा असतो, शेतीचा पुरवठा ठरावीक तासच असतो, त्यामुळे एका पोलची वीज जाणं ही रोजची गोष्ट आहे.

त्यापेक्षा एकच १२ कोअरची केबल शेवटच्या पोलपर्यंत न्या आणि प्रत्येक पोलसाठी त्यातले दोन कोअर राखून ठेवा. गेटवर निळा आणि केशरी कोअर तोडायचा, बाकीचे दहा जॉइंट क्लोजरमधून (सांध्याच्या बंद डब्यातून) न तोडता पुढे जाऊ द्यायचे. कोल्ड स्टोरेजला हिरवा-तपकिरी, विहिरीला राखाडी-पांढरा, शेवटच्या पोलला लाल-काळा. पिवळा, जांभळा, गुलाबी आणि आकाशी हे चार शिल्लक. हा रंगांचा क्रम बहुतेक केबलमध्ये असाच असतो, त्यामुळे पाच वर्षांनी दुसरा माणूस आला तरी त्याला समजतो. अशी रचना केली की प्रत्येक पोल थेट ऑफिसशी जोडलेला राहतो. एका पोलची वीज गेली तर फक्त त्याचे कॅमेरे जातात. ६ आणि १२ कोअरच्या दरात फरक आहे, पण खोदाईच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. चर दुसऱ्यांदा खोदणं सगळ्यात महाग पडतं.

मोठा कारखाना किंवा बाजार समितीचं आवार असेल, तर रिंग करून दोन्ही बाजूंनी मार्ग ठेवता येतो. एका जागी केबल तुटली तरी स्विच दुसरीकडून वाट काढतात. मात्र त्यासाठी मॅनेज्ड स्विच हवेत आणि ते नीट सेट करणारा माणूस हवा. स्प्लिटर लावून, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक जागी वाटून, जीपॉनवर (घरगुती फायबर इंटरनेटच्या पद्धतीवर) कॅमेरे चालवण्याची चालही आहे. तिथे एक गोष्ट लक्षात घ्या: जीपॉनचा खाली येणारा वेग साधारण २.५ गिगाबिट असतो आणि वर जाणारा त्याच्या निम्मा, १.२४४ गिगाबिट. घरच्या इंटरनेटला ते सोयीचं आहे. कॅमेऱ्याचं चित्र मात्र वर जातं, त्यामुळे हिशेब लहान आकड्याने करायचा.

केबल सिंगलमोड घ्या, जी.६५२डी प्रकारची. मल्टीमोड जवळच्या अंतराला चालतं, पण आता सिंगलमोडची यंत्रं स्वस्त झाली आहेत आणि पुढे अंतर वाढलं तरी अडचण येत नाही. आधीपासून मल्टीमोड टाकलेलं असेल तर त्याला सिंगलमोड जोडू नका. गाभा एकाचा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन, दुसऱ्याचा ९. प्रकाश मोठ्यातून लहानात शिरताना बहुतेक वाया जातो.

आर्मर्ड की साधी? जमिनीखाली उंदीर-घुशी आहेत, म्हणून स्टीलच्या कवचाची आर्मर्ड. पण काचेतून वीज जात नाही एवढ्यावर बरेच जण निश्चिंत होतात. त्या काचेभोवतीचं स्टील वाहकच असतं. पोलवर पडलेली वीज ते कवच ऑफिसमध्ये आणू शकतं. म्हणून ऑफिसमध्ये शिरण्याआधी कवच कापून अर्थिंगला जोडा, आणि ते एलआययूच्या (केबल जिथे संपते त्या पेटीच्या) पत्र्याला किंवा रॅकला कुठेही टेकू देऊ नका. पाइपमधूनच सगळी केबल जाणार असेल आणि विजांचा त्रास जास्त असेल, तर धातू नसलेली एफआरपीची केबल उत्तम.

चौथी पायरी: चर आणि पाइप

निफाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. नुसती केबल गाडली तर ती या हालचालीत ताणली जाते. ४० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप टाका आणि केबल त्यातून न्या. खोली निदान एक मीटर. ट्रॅक्टर जिथून वळतो तिथे आणखी खाली. पाइपच्या वर साधारण एक फुटावर पिवळी इशारा पट्टी अंथरा, म्हणजे पुढे खोदणाऱ्याला केबलच्या आधी ती दिसते. दर पन्नास-साठ मीटरवर आणि प्रत्येक वळणावर खुणेचा दगड पुरा.

मार्ग बांधाच्या कडेने घ्या, द्राक्षाच्या ओळींमधून नको. ठिबकच्या चरात केबल टाकण्याचा मोहही टाळा. लॅटरल किंवा सबमेन फुटली की दुरुस्तीची पहिली कुदळ त्याच चरात पडते. शहरात काम असेल तर २०२७ च्या सिंहस्थाआधी रस्त्यांची आणि पाइपलाइनची खोदकामं वाढतात हे धरून चाला. गोदाकाठ, पंचवटी, तपोवन, त्र्यंबक रस्ता, या बाजूला पाइप रस्त्याच्या कडेपासून जितका आत घेता येईल तितका घ्या आणि मार्गाचा नकाशा मालकाकडे ठेवा.

केबल ओढताना ती हातात घेऊन झटके देऊ नका. वळणाची त्रिज्या ताण असताना केबलच्या जाडीच्या वीसपट आणि ताण नसताना दहापट, एवढं पाळा. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडच्या पावसात पाइपची तोंडं नीट बंद केली नाहीत तर पाइप पाण्याने भरतो आणि तेच पाणी पोलवरच्या बॉक्समध्ये चढतं. तोंडांना एंड कॅप लावा. बॉक्समध्ये केबल खालूनच घ्या.

पाचवी पायरी: सांधा आणि स्वच्छता

स्प्लायसिंगसाठी बहुतेक जण मशीनवाल्याला बोलावतात, आणि ते योग्यच आहे. पण तो काम करत असताना तुम्ही शेजारी उभे राहा. केबल सोलल्यावर आतली जेली पूर्ण पुसली पाहिजे. काचेवरचं आवरण काढल्यावर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने काटकोनात कापायची आणि कापल्यावर तिला बोट लावायचं नाही. संरक्षक स्लीव्ह आधीच ओवलेली हवी. मशीन स्क्रीनवर अंदाजे लॉस, म्हणजे सांध्यात वाया जाणारा प्रकाश, डीबीमध्ये दाखवतं. ०.०५ डीबीच्या आत असेल तर उत्तम, ०.१ पेक्षा जास्त दाखवलं तर पुन्हा मारायला सांगा. धुळीचा वारा सुटला असेल तर गाडीच्या डिकीत किंवा तंबूखाली काम करा. उघड्यावर सांधा चांगला येत नाही. काचेचे तुकडे बाटलीत गोळा करा. ते शेतात पडले तर कुणाच्याही पायात जातील.

मग कनेक्टर. गाभ्याचा व्यास ९ मायक्रॉन, म्हणजे धुळीचा बारीक कणही त्याला झाकून टाकतो. नवी पॅचकॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायची छोटी फायबर तार, पिशवीतून काढली म्हणजे स्वच्छ असेल असं समजू नका. जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसा. तोंडाने फुंकर मारू नका आणि शर्टाला पुसू नका. वन-क्लिक क्लीनर हे माझ्या मते या सगळ्या कामातलं पैशाला सगळ्यात जागणारं हत्यार आहे. लिंकचे निम्मे दोष त्या एका पुसण्यात निघून जातात हा माझा अनुभव आहे.

निळ्या आणि हिरव्या कनेक्टरची गल्लत होऊ देऊ नका. निळा यूपीसी, हिरवा एपीसी. हिरव्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. केबल टीव्ही आणि घरगुती फायबरवाल्यांकडे हिरव्या पॅचकॉर्ड असतात, मीडिया कन्व्हर्टरला बहुतेक निळं लागतं. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणूनच धोका आहे. मधे हवेची फट राहते, लॉस वाढतो आणि तोंडही खराब होतं.

फायबरच्या तोंडात कधीही डोळा लावून पाहू नका. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे लाइन चालू आहे की बंद हे पाहून कळत नाही.

सहावी पायरी: लॉसचं गणित

हे कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. शेवटच्या पोलचा हिशेब करू. सिंगलमोडमध्ये १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डीबी धरा. १.८ किलोमीटरला ०.६३. दोन्ही टोकांच्या पिगटेलचे (एका टोकाला कनेक्टर असलेल्या फायबरच्या तुकड्यांचे) दोन सांधे, आणि ठेकेदाराने मधल्या तीन पोलवर केबल तोडून जोडली असं वाईट धरून आणखी तीन, असे पाच सांधे, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.५. दोन्ही टोकांच्या एलआययूमध्ये एकेक जोड, प्रत्येकी ०.५, म्हणजे १. एकूण २.१३ डीबी. वर ३ डीबी राखीव ठेवा, म्हातारपण आणि पुढच्या दुरुस्तीच्या सांध्यांसाठी. झाले ५.१३.

आता यंत्राकडे पाहा. दहा किलोमीटरच्या साध्या गिगाबिट मॉड्यूलचं (यंत्रातल्या प्रकाश पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या भागाचं) पाठवण्याचं बळ कमीत कमी उणे ९ डीबीएम आणि ऐकण्याची क्षमता उणे २० च्या आसपास असते. फरक ११ डीबी. आपल्याला ५.१३ लागतात. म्हणजे निवांत चालेल. डेटाशीटवरचे आकडे तुमच्या मॉड्यूलसाठी तपासून हाच हिशेब पुन्हा मांडा.

'जास्त दूरचं घेतलं तर जास्त चांगलं' असं मात्र नाही. ऐंशी किलोमीटरचं मॉड्यूल दीड किलोमीटरवर लावलं तर समोरच्या रिसीव्हरवर प्रकाश मर्यादेपेक्षा जास्त पडतो. लिंक डगमगते, कधी रिसीव्हरच जातो. अंतराला शोभेल असं मॉड्यूल घ्या.

आणखी एक: एका टोकाला १०० मेगाबिटचा आणि दुसऱ्या टोकाला गिगाबिटचा मीडिया कन्व्हर्टर फायबरवर एकमेकांशी बोलत नाहीत. तांब्यावर वेग आपोआप जुळतो, इथे जुळत नाही.

सातवी पायरी: पोलवरची वीज

काचेतून कॅमेऱ्याला वीज पाठवता येत नाही. प्रत्येक पोलला ती वेगळी न्यावी लागते, आणि फायबरचं अंदाजपत्रक करताना नेमकी हीच ओळ राहून जाते.

ऑफिसमधून १२ व्होल्ट डीसी पाठवणं शंभर मीटरलाही अवघड आहे. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. शंभर मीटरला जाऊन-येऊन दोनशे मीटर तार, म्हणजे २.४ ओहम. कॅमेऱ्याने एक अँपिअर घेतला तर २.४ व्होल्ट वाटेतच गेले, हातात राहिले ९.६. दिवसा तो कसाबसा चालतो. रात्री आयआर, म्हणजे अंधारात पाहण्याचे दिवे, लागते, करंट वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. 'रात्रीच बंद पडतो' ही तक्रार ऐकली की आधी रात्री मल्टिमीटर लावा, कॅमेरा बदलू नका.

म्हणून पोलपर्यंत २३० व्होल्ट न्या आणि बॉक्समध्ये चांगल्या दर्जाचा पॉवर सप्लाय बसवा. तिथून पीओई स्विच, म्हणजे लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा. साध्या कॅमेऱ्याला १५.४ वॅटचा पीओई पुरतो, पीटीझेडला ३० वॅटचा पीओई प्लस आणि हीटर किंवा मोठी आयआर असेल तर ६० वॅटचाही लागू शकतो. पोर्टचा आकडा आणि संपूर्ण स्विचचं एकूण वॅट बजेट, दोन्ही पाहा. आठ पोर्टचा स्विच आठही पोर्टवर पूर्ण वॅट देतोच असं नाही.

बॉक्समध्ये एमसीबी आणि एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) हवेच. पोलला स्वतंत्र अर्थिंग हवं, आणि एसपीडीपासून अर्थपर्यंतची तार जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली. शेती फीडरवरच्या पोलला डीसी यूपीएस किंवा सोलर पॅनेल-बॅटरी द्या. सोलरचा हिशेब जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांवर करा, एप्रिलच्या उन्हावर नको.

उष्णतेचंही तसंच. उन्हातला बंद पत्र्याचा बॉक्स आत साठ अंशांच्या वर सहज जातो आणि घरगुती दर्जाचा मीडिया कन्व्हर्टर ४०-४५ अंशांपर्यंतच बनवलेला असतो. पोलवर औद्योगिक दर्जाचा स्विच लावा. बॉक्सला पांढरा रंग द्या, वर छोटं छप्पर करा, आणि तो पोलच्या उत्तर बाजूला बसवा.

आठवी पायरी: नेटवर्क आणि साठवण

स्थिर कॅमेरा ४ मेगापिक्सेल, एच.२६५, प्रत्येकी ४ एमबीपीएस. पीटीझेड प्रत्येकी ६ एमबीपीएस. बारा चोक अठ्ठेचाळीस आणि पीटीझेडचे बारा, एकूण ६० एमबीपीएस. एक एमबीपीएस सतत चोवीस तास चालला की १०.८ जीबी होतात. म्हणजे दिवसाला ६४८ जीबी आणि तीस दिवसांना साधारण १९.५ टीबी. ८ टीबीच्या तीन हार्ड डिस्क लागतील. एनव्हीआर घेताना त्याची आत येणाऱ्या डेटाची मर्यादा बघा, फक्त चॅनेलचा आकडा नको.

कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं ठेवा, वेगळ्या व्हीलॅनमध्ये. पोलवरचा बॉक्स रस्त्यावर असतो. तो उघडून कुणी लॅपटॉप लावला तर त्याला तुमच्या बिलिंगच्या संगणकापर्यंत पोचता येता कामा नये. न वापरलेले पोर्ट बंद करा. कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. भारतात एप्रिल २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट लागू आहे, तेव्हा खरेदीच्या वेळी मॉडेलची नोंदणी मागून घ्या.

नववी पायरी: तपासणी आणि कागद

काम ताब्यात घेताना तीन गोष्टी मागा. प्रत्येक कोअरचा पॉवर मीटरचा आकडा, ओटीडीआरचा (फायबरमधले सांधे, दोष आणि त्यांचं अंतर दाखवणाऱ्या यंत्राचा) आलेख आणि कोणता रंग कुठे जातो याचा तक्ता. ओटीडीआर १३१० आणि १५५० अशा दोन्हींवर करायला सांगा. १५५० ला प्रकाश वाकवणुकीतून जास्त गळतो. तिथे एखाद्या जागी मोठी पायरी दिसली आणि १३१० ला ती लहान असली, तर त्या जागी केबल मुरगळली आहे, सांधा खराब नाही. चारही शिल्लक कोअरची चाचणी आजच करून घ्या. अडचणीच्या दिवशी ते तुटके निघाले तर उपयोग काय?

आपल्या उदाहरणात शेवटच्या पोलवर मीटर उणे ५ ते उणे ११ डीबीएमच्या मधे कुठेतरी दाखवायला हवा. तो आकडा बॉक्सच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. वर्षभराने तोच आकडा दोन-तीन डीबीने घसरला असेल तर लिंक तुटण्याआधीच कळेल.

पोल बंद पडला तर

क्रम पाळा. आधी बॉक्समध्ये वीज आहे का. मग स्विच आणि कन्व्हर्टरचे दिवे. फायबरचा लिंक दिवा बंद असेल तर पॅचकॉर्ड काढून पुसा, पुन्हा लावा. तरी नाही तर मीटरने प्रकाश मोजा. ठीक असेल तर कन्व्हर्टर बदलून पाहा. प्रकाशच नसेल तर ऑफिसकडून लाल लेझर सोडा. तो दोन-चार किलोमीटर जातो, आणि क्लोजरमध्ये किंवा पिगटेलवर तुटलेली जागा लाल चमकते. तिथेही काही दिसलं नाही तर ओटीडीआर. तो तुटलेल्या जागेचं अंतर सांगेल, मात्र ते केबलचं अंतर, जमिनीवरचं नव्हे. म्हणूनच पोलवरचे लूप नकाशात लिहिलेले हवेत. मधल्या काळात शिल्लक कोअरवर तो पोल चालू करता येतो.

मेच्या शेवटी, पावसाळा सुरू होण्याआधी, प्रत्येक बॉक्स एकदा उघडा: एसपीडीची खूण हिरवी आहे का, अर्थची तार घट्ट आहे का, केबल ग्लँड आणि रबर फाटलंय का, मुंग्यांनी घर केलंय का. बॉक्समध्ये दोन पिगटेल, एक पॅचकॉर्ड आणि क्लीनर पिशवीत बंद करून ठेवा. दिवाळीनंतर, छाटणीची कामं उरकल्यावर, हीच फेरी पुन्हा मारा आणि मीटरचे आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा.